हाताने वळलेली सिगार चाखायची कशी: एका इंदूरकराच्या चुकांमधून

पाच वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ दुबईहून आला आणि दहा सिगारची एक लाकडी पेटी हातात ठेवून म्हणाला, "दादा, क्यूबाची आहे, नीट पी." नीट म्हणजे कशी ते ना त्याला माहीत ना मला. रामबागेतल्या घराच्या गच्चीवर, संध्याकाळी, रिकाम्या पोटी, उभ्या उभ्या, सिगरेटीसारखे एकामागून एक दम मारत मी अर्धी संपवली आणि नंतर पाऊण तास कठड्याला टेकून बसलो, घाम, मळमळ, डोकं गरगर. आईला सांगितलं पित्त झालंय. तिने सुंठ-साखर दिली आणि त्यातल्या साखरेनेच बरं वाटलं असावं.

त्या पेटीतल्या उरलेल्या नऊपैकी सहा मी आणखी वेगवेगळ्या पद्धतीने वाया घालवल्या. तुमच्याकडे कोणी अशीच एखादी महागाची सिगार भेट म्हणून दिली असेल आणि ती कपाटात पडून असेल तर तिची तशी गत होऊ नये म्हणून हे लिहितोय.

१. आधी खरं काय ते

सिगार सिगरेटपेक्षा सुरक्षित असते हे जे लोक छातीठोक सांगतात ना, ते चूक आहे. धूर छातीत घेत नाहीत म्हणून फुप्फुसांना थोडी सवलत मिळत असेल, पण तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका आहेच. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आत न ओढताही. मला गच्चीवर जे झालं ते त्यामुळेच. आणि एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगरेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तुम्ही तंबाखूला हात लावत नसाल तर हा लेख वाचून सुरुवात करू नका, खरंच. मी स्वतः महिन्या-दोन महिन्यातून एक, त्यापेक्षा जास्त नाही.

दुसरं म्हणजे कायदा. २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी धूम्रपान बंद आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम आणखी कडक झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. त्यामुळे छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत कॉफी घेऊन ऐटीत सिगार पेटवायचं स्वप्न सोडा. आपली गच्ची, आपला ओटला. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर तेही नाही.

२. सामान

यादी छोटी आहे, उगीच हजारोंचं किट घेऊ नका.

- कटर: दोन पात्यांचा साधा गिलोटिन, धारदार हवा
- ब्युटेन गॅस भरलेला, ज्योत देणारा लायटर (स्वयंपाकघरातला नव्हे) किंवा लांब काड्यांची माचिस
- हवाबंद प्लास्टिकचा डबा, झाकणाला रबर असलेला
- ६५ किंवा ६९ टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅक (डब्यात तेवढाच ओलावा राखणारी पुडी), ऑनलाइन मिळतं
- छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र)
- खोल, रुंद खाचेची राखदाणी (आपल्याकडची छोटी चालत नाही, सिगार घरंगळते)
- वही आणि पेन

पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या दहा मिनिटांत सगळीकडे लागतो. देवघरातली निरांजनही नको. हसू नका, केलंय.

अडकित्त्याबद्दल वेगळं सांगतो. आजीचा पितळी अडकित्ता घरात होता, सुपारी कशी लोण्यासारखी कापतो, मग म्हटलं सिगार काय चीज आहे. पण अडकित्ता एका बाजूने दाबून फोडतो आणि सिगारचं वरचं पान कांद्याच्या पापुद्र्याइतकं नाजूक असतं. डोक्यापासून, म्हणजे तोंडात धरायच्या टोकापासून, नावाच्या कागदी पट्टीपर्यंत उभी चीर गेली. मी डिंक लावून चिकटवायचा प्रयत्न केला, त्यानंतर जी चव आली ती टपाल खात्याची होती.

३. विकत घेताना

सिगारमध्ये तीन थर असतात. आत फिलर, त्याला बांधून ठेवणारं बाइंडर आणि वर दिसणारं रॅपर. चांगल्या हाताने वळलेल्या सिगारमध्ये फिलरची पानं पूर्ण लांबीची असतात, याला लाँग फिलर म्हणतात, स्वस्तात तुकडे भरलेले असतात. फिलरमध्येही झाडाच्या वरच्या भागातलं लिगेरो (जड, हळू जळणारं, मध्यभागी ठेवतात), मधलं सेको (सुगंधासाठी) आणि खालचं व्होलादो (नीट जळावं म्हणून) असं मिश्रण असतं. म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यासारखंच, प्रत्येकाचं प्रमाण घराघरात वेगळं.

नवशिक्यांनी पहिल्यांदा क्यूबाच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९६२ च्या अमेरिकन निर्बंधांच्या आगेमागे क्यूबा सोडून गेलेल्या कारागिरांनी आणि मालकांनी डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे बस्तान बसवलं आणि आज तिथला माल कुठेही कमी नाही. फिकट बदामी रंगाचं कनेक्टिकट रॅपर असलेली डोमिनिकन सिगार घ्या, सौम्य असते. काळपट माडुरो दिसते कडक, पण रंगावरून ताकद ठरत नाही, ते पान जास्त काळ मुरवलेलं असतं इतकंच आणि उलट गोडसर लागतं.

साइझ: जाडी रिंगमध्ये मोजतात, एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ५० रिंग म्हणजे जवळपास २० मिलिमीटर. रोबुस्तो (साधारण ५ इंच, ५० रिंग) पाऊण ते एक तास चालते, सुरुवातीला तीच बरी. सात इंची चर्चिल बघून हरखू नका, अर्ध्यात जीव नकोसा होतो.

सापळा: क्यूबन म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली सिगार ढीगभर आहेत. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली की समजून जा, तशी अस्सल पेटी येतच नाही. अस्सल पेटीच्या तळाला "तोतालमेंते आ मानो" म्हणजे पूर्णपणे हाताने, असा डागलेला ठसा असतो आणि पॅकिंगच्या महिन्या-वर्षाचा शिक्का. कोणी परदेशातून आणणार असेल तर माणशी २५ सिगारची ड्युटी फ्री सवलत आहे, पण नियम बदलत असतात, निघण्याआधी बघायला सांगा. इंदुरातच एका दुकानात काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलेली सिगार मी चांगले पैसे मोजून घेतली, घरी आणून दाबली तर पापडासारखी कुरकुरली. तेव्हा दुकानात ह्युमिडर (ओलावा राखणारी पेटी) आहे का आणि त्यातला काटा किती दाखवतो हे विचारायची लाज बाळगू नका.

४. सांभाळणं (इथेच बहुतेक लोक हरतात)

सिगारला ६५ ते ७० टक्के ओलावा आणि साधारण १६ ते २१ अंश तापमान लागतं. आता आपलं इंदूर बघा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, हवा इतकी कोरडी की कुर्डया एका दिवसात वाळतात. आणि जुलै-ऑगस्टला तेच मीठ डब्यात पाणी धरतं. उघड्यावर ठेवलेली सिगार उन्हाळ्यात फुटते आणि पावसाळ्यात बुरसते.

महागडा लाकडी ह्युमिडर लागत नाही. हवाबंद डबा, त्यात ह्युमिडिटी पॅक, वर झाकण, बास. फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिज कोरडा करतो आणि त्यात कालची लसणाची चटणी असतेच. घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवा, आमच्याकडे ती जिन्याखालची लोणच्याची फडताळ आहे, बरणीपासून लांबच्या कप्प्यात.

हायग्रोमीटर खोटं बोलतो, आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात एक चमचा साधं मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळलं नाही पाहिजे. हे झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझा ६८ दाखवत होता, म्हणजे सात कमी. मी डब्याच्या झाकणावर मार्करने "+७" लिहून ठेवलंय, बायकोला वाटलं मी डाळीचा डबा मोजतोय.

रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर तो तंबाखूचा किडा. गरमी वाढली की अंडी फुटतात आणि अख्खा डबा जातो. बाकीच्या सिगार झिपच्या दोन पिशव्यांत घालून तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या की तडकतात. आणि पांढरी लव दिसली तर ती बुरशीच समजा, "हे जुन्या मालाचं लक्षण आहे" असं दुकानदार म्हणाला तरी.

५. दिवस आणि पोट

जेवून बसा. रिकाम्या पोटी कधीच नाही. पण त्या दिवशी लसणाची शेव, मिरचीचा ठेचा, जिरावन भुरभुरलेले पोहे असलं काही दोन तास आधी खाऊ नका. आपण इंदूरची माणसं, आपल्या जिभेला हिंग आणि काळं मीठ सकाळी सातपासून लागतं, आणि त्यावर सिगारच्या बारीकसारीक चवी येतच नाहीत. साधा वरण-भात, तूप, लिंबू. बरोबर साधं पाणी. दारू आणि कॉफी नंतर कधीतरी, चाखायच्या दिवशी नको.

जवळ दोन जलेब्या झाकून ठेवा. ही चैन नाही, औषध आहे: गरगरायला लागलं की सिगार खाली ठेवायची, बसायचं, गोड खायचं, पाणी प्यायचं.

वारा नको. माळव्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या रात्री यासाठीच बनल्यात.

६. बघा, दाबा, हुंगा

पेटवण्याआधी पाच मिनिटं द्या. रॅपरला थोडी तेलकट तकाकी हवी, जाड शिरा कमी हव्यात. अंगठा आणि बोटात धरून डोक्यापासून पायापर्यंत (पाय म्हणजे पेटवायचं टोक) हलकं दाबत या: सगळीकडे सारखी लवचिक हवी. कुठे दगडासारखा कडक गोळा लागला तर तिथे धूर अडणार, मऊ पोकळी लागली तर तिथे गरम जळणार. दाबलेली जागा हळूच परत वर आली पाहिजे.

मग वास. रॅपरचा वेगळा, पेटवायच्या टोकाचा वेगळा. इथे बहुधा गोठा, कडबा, सुकं गवत असं येतं आणि ते चांगलं आहे. नाकात अमोनिया चढला, म्हणजे मुतारीसारखा, तर पान अजून नीट मुरलेलं नाही. परत डब्यात, काही महिने विसरा.

७. कापणं

बंद टोकाला छोटी टोपी असते, पानाचा वेगळा तुकडा चिकटवलेला. फक्त तिचा माथा उडवायचा, दीड-दोन मिलिमीटर, जिथे गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो त्याच्या वर. त्याखाली कापलं की रॅपर उलगडतं. कटर लावा, श्वास रोखा, एका झटक्यात. घाबरत घाबरत दाबलं की चुरगळतं.

आता न पेटवता दोन-तीनदा हवा ओढा. जाड मिल्कशेक स्ट्रॉने ओढताना लागतो तेवढा जोर लागला तर घट्ट आहे, अजून केसभर कापा. अजिबात जोर लागत नसेल तर ती सैल भरलीय, पटापट जळेल. या थंड ओढीतही चव असते, लिहून ठेवा.

आपल्याकडचा चिरूट आठवत असेल तर त्याला दोन्ही टोकं उघडी असतात, हा भाग नाहीच. चिरूट हा शब्द तमिळ सुरुट्टूवरून आलाय, आणि तिरुचिरापल्ली-दिंडिगलचे चिरूट ब्रिटिश पंतप्रधान चर्चिललाही आवडायचे असं सांगतात. आजोबा सगळ्याच सिगारींना चिरूटच म्हणायचे, मी बरोबर नाही म्हटलं की म्हणायचे धूर तर तोच ना रे.

८. पेटवणं

ज्योत आणि पाय यात एक बोट अंतर. सिगार तोंडात नाही, हातात, तिरकी, गोल फिरवत कडा भाजायची, पापड भाजतो तसं. कडा सगळीकडून काळी झाली की मग तोंडात धरून हलके दम, फिरवत फिरवत. माचिस असेल तर काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मग जवळ न्या. शेवटी पायावर हळू फुंकर मारा, निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला की झालं. एका बाजूला काळं राहिलं तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर ते एका बाजूने होडीसारखं जळत जातं.

९. चव घेणं

मिनिटाला एक दम. एवढंच. यापेक्षा भरभर ओढलं की आतली आग तापते आणि सगळ्या सिगार एकाच चवीच्या होतात, कडू डांबर. धूर तोंडात घ्या, दोन-तीन सेकंद जिभेवर खेळवा, सोडा. गिळू नका, छातीत नेऊ नका.

मला पहिली दोन वर्षं काहीही कळायचं नाही. परदेशी लोक लिहायचे लेदर, सीडर, अर्थ, एस्प्रेसो आणि मीही मान डोलवायचो. सीडरचं लाकूड मी आयुष्यात हुंगलेलं नव्हतं! दुसऱ्याच्या घरातले शब्द घेऊन आपली जीभ शोधत बसलो तर काय सापडणार. मग एका रविवारी बायकोने डोळ्यावर रुमाल बांधला आणि मिसळणाच्या डब्यातली एकेक वाटी नाकाखाली धरली. मी धने आणि बडीशेप यात घोळ केला, सुंठ ओळखली नाही, जायफळाला दालचिनी म्हणालो. वीस वर्षं रोज खातोय ते! तिने मला तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण महिनाभर हा खेळ केला आणि सिगार बोलायला लागली. तुम्हीही आधी हेच करा, तंबाखू न जाळता होतं.

आता माझ्या वहीतले शब्द असे आहेत: भाजलेलं डाळं. मिरपूड. जायफळ उगाळलेली सहाण. उसाचा रस उकळताना गुऱ्हाळात येतो तो वास. दुधावरची साय. कोळशावरचं कणीस. आजीच्या चंचीतली सुपारी. काळ्या मातीवर पडलेला पहिला पाऊस. जुन्या ट्रंकेतले लोकरीचे कपडे. हे बाहेरच्या कोणाला कळणार नाहीत, पण मला सहा महिन्यांनी वाचून ती सिगार आठवते, आणि वही त्यासाठीच असते.

जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू अशी मोजकीच कामं करते, बाकी सगळं नाकातून कळतं. म्हणून चार-पाच दमांमधून एकदा असं करा: धूर तोंडात घ्या, तीन चतुर्थांश बाहेर सोडा, तोंड मिटा आणि उरलेला अगदी हळू नाकावाटे काढा. पहिल्यांदा डोळ्यात पाणी येईल. थोडाच घ्या. मिरी आहे की लवंग, हा फरक तिथेच समजतो.

सिगारचे तीन भाग करून लिहा. पहिला भाग जरा बावरलेला असतो, कधी तिखट. दुसऱ्यात खरं रूप. तिसऱ्यात ताकद वाढते, कारण सगळं तेल आणि डांबर तिथे साचलेलं असतं. प्रत्येक भागात तीन गोष्टी: चव काय, धूर तोंडात किती भरतो (ताकाइतका पातळ का रबडीइतका दाट), आणि धूर सोडल्यावर काय मागे राहतं. निकोटिनची ताकद हा वेगळा रकाना ठेवा, ती चवीशी मिसळू नका. सौम्य असून भरपूर चवीची सिगार असते आणि कडक असून पोकळ पण असते.

राख झटकू नका, इंचभर झाली की राखदाणीच्या कडेला टेकवा, आपोआप पडते. पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार हे बोलायला बरं आहे, रंग जमिनीतल्या खनिजांवर अवलंबून असतो.

१०. अडचणी

विझली? साहजिक आहे. राख काढा, तोंडात न धरता पाय तापवा, मग पेटवा आणि पहिला दम आत ओढायच्या ऐवजी सिगारमधून बाहेर फुंका, साचलेला जुना धूर निघून जातो. पण दुसऱ्या दिवशीसाठी अर्धी ठेवू नका, ती खोलीभर वास मारते आणि चवीला भिजलेल्या राखेसारखी लागते.

एका बाजूने जळतेय तर मागे राहिलेल्या कडेला जरा ज्योत दाखवा. रॅपर तडकलं तर थुंकीचं बोट लावून हळू ओढत राहा. कडू झाली तर दोन मिनिटं खाली ठेवा. तरीही कडूच असेल तर सोडून द्या, किती पैसे पडले याचा विचार करत संपवली की उद्या सकाळी तोंडात कोळसा.

११. मार्क देणं, आणि पट्टीचा मोह

सिगारच्या पट्टीवर सोनेरी अक्षरं असतात आणि ती जिभेवर परिणाम करतात. मागच्या दिवाळीत मावसभावाने दोन सिगार आणल्या, एक नावाजलेली क्यूबन, एक साधी निकाराग्वाची, आणि माझ्या नकळत पट्ट्यांची अदलाबदल केली. मी निकाराग्वाच्या सिगारला, जिच्यावर क्यूबाची पट्टी होती, ९१ दिले आणि अर्धं पान वर्णन लिहिलं. दुसरीला ८४ आणि "ठीक". तो ओटल्यावर लोळून हसत होता, शेजारचे भियाजी बघायला आले काय झालं म्हणून.

तेव्हापासून पट्टी दुसऱ्या कोणाकडून काढून घेतो आणि कागदाची चिठ्ठी गुंडाळतो, अ किंवा ब. (पट्टी सुरुवातीलाच ओढून काढू नका, डिंक रॅपरलाही चिकटलेला असू शकतो. नसेल सुटत तर चिठ्ठी तिच्याच वर गुंडाळा, नंतर सिगार तापली की ती सैल होते.)

मी १०० पैकी असे देतो: बांधणी आणि दिसणं १५, ओढ आणि जळणं २५, चव ३५, बदलत जाणं १५, शेवटी मन भरलं का १०. चवीला मुद्दाम सगळ्यात जास्त. एकाच सिगारवर निकाल देऊ नका, त्याच पेटीतल्या निदान दोन पिऊन बघा, हाताने वळलेली आहे, एखादी बिघडणारच. आणि संपवताना चिरडू नका, राखदाणीत तशीच ठेवा, आपोआप विझते आणि वासही कमी येतो. विझलेलं टोक तुळशीच्या कुंडीत नाही, पाणी घालून कचऱ्याच्या डब्यात.

वहीतलं गेल्या महिन्यातलं पान देतो, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल:

"चिठ्ठी ब. रोबुस्तो. गच्ची, रात्री ९, थंड, वारा नाही. आधी खिचडी-कढी. थंड ओढ: कडबा, मनुका. पहिला भाग: मिरपूड, मग डाळं. २० मिनिटांनी एका बाजूने जळली, दुरुस्त केली. दुसरा: साय, जायफळ, नाकातून काढल्यावर गुऱ्हाळ. तिसरा: कॉफीची कडू पूड, थोडं गरगरलं, एक जलेबी. दोन बोटं उरली तेव्हा सोडली. ५५ मिनिटं. ८६. चिठ्ठी उघडली: होंडुरास, सगळ्यात स्वस्त."